नकार देण्याचा अधिकार

९ जून २०१६ रोजी भर दुपारी एकच्या सुमारास अमेरिकेतील टेक्सस राज्याच्या हूस्टन शहरात, हॉबी विमानतळाजवळील एका हार्डवेअरच्या दुकानासमोर उभ्या असलेल्या रिकाम्या मोटारीवर एक छोटे विमान येऊन आदळले. विमानात तिघे होते. तिघेही प्राणास मुकले. जमिनीवर कोणी दगावले नाही. एका इंजिनाचे, ‘सिरस एसआर २०’ या जातीचे ते खासगी विमान ओक्लाहोमा राज्यातील नॉर्मन येथून निघाले होते. त्याच्या इंजिनात बिघाड नव्हता, इंधन संपले नव्हते, वादळ नव्हते की धुके नव्हते. धावपट्टी डोळ्यांसमोर होती आणि विमानतळाच्या नियंत्रण मनोऱ्याशी वैमानिकाचे संभाषण अखेरपर्यंत चालू होते. त्या विमानाने तीनदा उतरण्याचा प्रयत्न केला, तीनही वेळा तो सोडून दिला, आणि तिसऱ्या वेळी पुन्हा वर चढत असताना ते कोसळले.

हूस्टनमधल्या एका छोट्या विमानाची ही हकीकत आमच्या वाचकांपुढे पहिल्या पानावर कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील, आणि तो रास्त आहे. मोठ्या अपघातांच्या बातम्यांनी आपली मने इतकी बधिर झाली आहेत, की तीन मृत्यूंची नोंद घेण्यासही आपण थांबत नाही. परंतु मोठा अपघात पुष्कळदा अनेक कारणांच्या गुंत्यात हरवून जातो. लहान अपघात मात्र आरशासारखा स्वच्छ असतो. हूस्टनच्या या विमानाला जे नडले, ते यंत्रात नव्हते. ते एका सवयीत होते, आणि ती सवय आपल्या घरांत, शाळांत, कचेऱ्यांत आणि आपल्या विमानांतही पुरेपूर मुरलेली आहे.

प्रथम उतरण्याचा प्रयत्न सोडून देणे म्हणजे काय, हे नीट समजून घेतले पाहिजे. विमान धावपट्टीच्या रोखाने खाली येत असते. वैमानिकाच्या ध्यानात येते, की आपण जास्त उंच आहोत, किंवा वेग अधिक आहे, किंवा पुढचे विमान अजून धावपट्टीवरून बाजूला झालेले नाही. अशा वेळी बळेच उतरण्याऐवजी तो इंजिनाला पूर्ण जोर देतो, विमान पुन्हा वर नेतो आणि एक फेरी मारून नव्याने उतरायला येतो. वैमानिकांच्या भाषेत याला ‘गो-अराउंड’ म्हणतात. प्रवासी घाबरतात, कोणी देवाचे नाव घेतो, आणि खाली उतरल्यावर ‘आज थोडक्यात वाचलो’ अशी कथा नातेवाइकांना सांगितली जाते. वास्तविक ज्या दिवशी विमान असे पुन्हा वर जाते, त्या दिवशी वैमानिकाने आपले काम चोख केलेले असते. धोका असतो तो न जमणारे उतरणे रेटून नेण्यात. फ्लाइट सेफ्टी फाउंडेशन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की उतरताना विमानाची स्थिती नियमाप्रमाणे स्थिर नसली, तर प्रयत्न सोडून देणे हे कर्तव्य असूनही अशा शंभर प्रसंगांपैकी सुमारे तीन प्रसंगीच वैमानिक ते कर्तव्य पार पाडतात. उरलेले सत्त्याण्णव जण ‘होईल निभावून’ म्हणून उतरतात, आणि बहुतेकांचे निभावतेही. निभावते म्हणूनच ही सवय सुटत नाही.

या दृष्टीने पाहिले, तर हूस्टनच्या वैमानिकाने तीन वेळा तीन योग्य निर्णय घेतले होते. मग चुकले कोठे?

हॉबी हा गजबजलेला विमानतळ आहे. तेथे बोइंग ७३७ सारखी जेट विमाने सतत ये-जा करतात. असे जेट ताशी सुमारे १४० नॉट, म्हणजे अडीचशे किलोमीटरहून अधिक वेगाने धावपट्टीकडे येते. सिरससारखे छोटे विमान ८० नॉटच्या आसपास, म्हणजे दीडशे किलोमीटरच्या घरात. अरुंद पुलावर पुढे सायकलस्वार आणि मागून भरधाव एस. टी., अशी ही अवस्था. त्यातून जेटच्या पंखांमागे हवेचे जे जबरदस्त भोवरे उठतात, ते छोट्या विमानाला उलथून टाकू शकतात. म्हणून दोघांत अंतर राखावे लागते. त्या दुपारी सिरस विमानाला प्रथम ४ क्रमांकाच्या धावपट्टीवर उतरण्याची परवानगी मिळाली. मागून जेट वेगाने जवळ येत आहे, असे दिसताच नियंत्रकाने त्याला प्रयत्न सोडून वर जाण्यास सांगितले. ही पहिली फेरी. त्यानंतर धावपट्टीच बदलली. ४ ऐवजी ३५ क्रमांकाच्या धावपट्टीवर या, असे सांगण्यात आले.

धावपट्टीचा क्रमांक हा घराच्या क्रमांकासारखा नसतो. तो होकायंत्रावरचा रोख असतो, शेवटचे शून्य गाळून लिहिलेला. चार म्हणजे चाळीस अंश, ईशान्येकडे. पस्तीस म्हणजे तीनशे पन्नास अंश, जवळजवळ उत्तरेकडे. वारा त्या दिवशी पूर्वेकडून झोताझोताने वाहत होता. पहिल्या धावपट्टीवर तो बराचसा समोरून मिळाला असता. दुसरीवर तो कुशीत शिरणार होता. अनोळखी, गर्दीचा विमानतळ, डोक्यात पक्की केलेली एक आकृती, आणि ऐन वेळी ती पुसून दुसरी काढायची. त्यातच कोणत्या विमानामागून जायचे, कोणत्या बाजूला वळायचे, याविषयीच्या सूचना एकामागून एक येत होत्या आणि बदलत होत्या. नव्या धावपट्टीवर विमान दोनदा आले आणि दोन्ही वेळा जास्त उंचीवर आले. दोन्ही वेळा प्रयत्न सोडून दिला गेला. त्यांतल्या दुसऱ्या प्रसंगी, म्हणजे एकूण तिसऱ्या वेळी, घात झाला.

त्या वर चढण्याच्या काही सेकंदांत वैमानिकाच्या हातून काय घडले, याची नोंद विमानातील उपकरणाने ठेवली होती. ती समजण्यासाठी थोडे विमानशास्त्र सांगितले पाहिजे. उतरताना विमान हळू असावे लागते, पण फार हळू झाले तर पंख त्याला पेलत नाहीत. ही अडचण सोडविण्यासाठी पंखाच्या मागील कडेला खाली वळणाऱ्या झडपा बसविलेल्या असतात. त्यांना फ्लॅप म्हणतात. फ्लॅप खाली केले, की कमी वेगातही पंख विमान उचलून धरतो, मात्र हवेचा अडथळा वाढतो. पुन्हा वर जायचे, तर हा अडथळा कमी करण्यासाठी फ्लॅप मिटवावे लागतात. पण ते टप्प्याटप्प्याने. निम्मे उघडे ठेवून आधी वेग पुरेसा वाढवायचा, आणि मगच उरलेले मिटायचे. याच वेळी इंजिनाच्या पूर्ण जोरामुळे विमानाचे नाक आपोआप वर उचलले जाते आणि विमान डावीकडे ओढ घेते. उजव्या पायाने सुकाणू दाबून ते सरळ ठेवावे लागते. एका हाती इंजिन, एका हाती दांडा, पायाखाली सुकाणू, नजर वेगावर, आणि कानात मनोऱ्याचा आवाज! शंभर वेळा केलेल्या माणसाला हे सोपे आहे. पण रोजच्या उड्डाणात हे कृत्य क्वचितच करावे लागते, म्हणून सराव होत नाही.

सिरसचे फ्लॅप पुरेसा वेग येण्यापूर्वीच पूर्ण मिटले गेले. ज्या आधारावर पंखाने विमान तोलले होते, तो आधार निघाला. पंख आणि समोरून येणारी हवा यांतला कोन मर्यादेपलीकडे गेला, पंखाच्या पाठीवरून सरळ वाहणारी हवा फाटली आणि पंखाची उचल गेली. याला ‘स्टॉल’ म्हणतात. इंजिन बंद पडणे असा या शब्दाचा अर्थ पुष्कळदा घेतला जातो. तो बरोबर नाही. इंजिन पूर्ण जोराने गर्जत असतानाही पंख असा निकामी होऊ शकतो. विमान एका कुशीवर कलले, गिरकी घेऊन खाली आले. उंचीवर असते, तर सावरता आले असते. सिरस विमानांना तर सबंध विमान खाली आणणारी हवाई छत्रीही असते, पण ती उघडून फुलण्यासाठी काही शे फूट लागतात, आणि तेवढी उंची उरलेली नव्हती.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने या अपघाताची चौकशी केली. मुख्य कारण म्हणून मंडळाने वैमानिकाची चूक नोंदविली: सुरक्षित वेग येण्यापूर्वी फ्लॅप मिटले. येथेच अहवाल संपला असता, तर आपल्याकडील पुष्कळ अहवालांसारखाच तो झाला असता. पण मंडळ पुढे गेले. पहिल्या नियंत्रकाने त्या विमानाला गर्दीच्या फेऱ्यांतच ठेवले, थोडे दूर पाठवून नव्याने रांगेत घेतले नाही, हे सहायक कारण म्हणून नोंदले. मध्येच कामावर आलेल्या दुसऱ्या नियंत्रकाने, विमान वर चढण्याच्या नाजूक क्षणी, अकारण गुंतागुंतीची सूचना दिली, हेही नोंदले. आणि यांच्या जोडीला मंडळाने आणखी एक कारण लिहिले: वैमानिकाने आपले म्हणणे ठामपणे मांडले नाही.

या शेवटच्या कारणापाशी आम्ही थबकलो. विमान कसे पडले, याच्या कारणांत धातू असतो, हवा असते, हाताची चूक असते. तेथे एका माणसाचा संकोचही लिहिला जावा, याचे प्रथम नवल वाटते. पण ते संभाषण वाचले, की नवल उरत नाही. त्यात कोणी कोणावर ओरडलेले नाही. नियंत्रक दुष्ट नव्हते. आपल्या परीने ते त्या विमानाला वाट काढून देत होते. वैमानिकाची उत्तरे सौजन्याची होती. मिळालेली प्रत्येक सूचना स्वीकारली जात होती. एवढ्या सौजन्यात तीन माणसे मेली.

विमानोड्डाणाचा कायदा या बाबतीत अगदी निःसंदिग्ध आहे. १९४४ सालच्या शिकागो करारातून उभ्या राहिलेल्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार विमानाविषयीचा अंतिम अधिकार त्याच्या मुख्य वैमानिकाचा असतो. मनोऱ्यातील नियंत्रक विमानांत अंतर राखतो, क्रम लावतो, परवानगी देतो. तो विमान उडवीत नाही. रेडिओवरच्या ठरलेल्या शब्दांत एक शब्द आहे, ‘अनेबल’. तुमची सूचना मला पाळता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. दुसरा शब्द आहे, ‘स्टँडबाय’. थांबा, मीच तुम्हाला बोलावीन. हे शब्द उच्चारणारा वैमानिक उद्धट ठरत नाही. नियमांनीच ते त्याच्या हाती दिले आहेत. नवशिक्या वैमानिकाला पहिल्या धड्यापासून सांगितले जाते, की आधी विमान उडव, मग दिशा बघ, आणि बोलायचे ते सर्वांत शेवटी. पण मनोऱ्यातून प्रश्न आला, की उत्तर देण्यासाठी जीभ आधी सरसावते आणि हात मागे राहतात. हूस्टनच्या वैमानिकापाशी काही शे तासांच्या उड्डाणाचा अनुभव होता. वेग वाढवून, उंची गाठून, ‘मला दूर पाठवा, दम घेऊन पुन्हा येते’ असे म्हणायला एक वाक्य पुरले असते. ते वाक्य आपल्या अधिकारातले आहे, हे पुस्तकातून कळते; ते उच्चारण्याचे बळ पुस्तकातून येत नाही.

आम्ही उमेदीच्या काळात काही वर्षे शाळेत शिकविले आहे. ‘समजले का?’ असा प्रश्न फळ्याकडे तोंड करून विचारला, की वर्गातून ‘हो, सर’ असे उत्तर एका सुरात येई आणि आम्ही समाधानाने पुढचे गणित मांडीत असू. एकदा एक मुलगा उभा राहून ‘मला नाही समजले’ म्हणाला. आम्ही त्याला ‘मग लक्ष कोठे होते?’ असे विचारून तास संपेपर्यंत बाकावर उभे केले. त्यानंतर त्या वर्गात न समजलेला मुलगा आम्हाला पुन्हा भेटला नाही. सगळ्यांनाच सगळे समजू लागले होते! आज ते आठवले, की शरम वाटते. अशा वर्गांतूनच पुढे वैमानिक होतात, नियंत्रकही होतात.

संकोचाची किंमत मोठ्या विमानांनीही मोजली आहे. २५ जानेवारी १९९० रोजी कोलंबियाच्या आव्हियान्का कंपनीचे बोइंग ७०७ विमान न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर उतरण्याच्या प्रतीक्षेत बराच काळ घिरट्या घालत होते. पहिला प्रयत्न खराब हवेमुळे सोडावा लागला. टाक्यांतले इंधन संपत आले होते. वैमानिकांनी ‘आम्हाला प्राधान्य द्या’ असे सांगितले, पण ‘आणीबाणी’ हा शब्द उच्चारला नाही. मनोऱ्याच्या लेखी तो शब्द नसेल, तर आणीबाणी नसते. इंजिने एकेक करून थांबली आणि लाँग आयलंडवरील टेकडीवर विमान आदळून ७३ जण दगावले. रिकाम्या टाक्यांमुळे आग लागली नाही, म्हणून बाकीचे वाचले.

आणि आपले कोळिकोड. ७ ऑगस्ट २०२० ची ती पावसाळी रात्र महाराष्ट्रातही अनेकांना आठवत असेल. करोनाच्या काळात दुबईहून आपल्या माणसांना घरी आणणारे एअर इंडिया एक्स्प्रेसचे बोइंग ७३७ विमान १९० जणांना घेऊन आले. पहिला प्रयत्न सोडून देण्यात आला. तो निर्णय शहाणपणाचा होता. दुसऱ्या वेळी विरुद्ध बाजूने, पाठीवर वारा घेऊन विमान आले आणि निम्मी धावपट्टी मागे पडल्यावर टेकले. टेकडीच्या माथ्यावरची ती धावपट्टी संपल्यावर खाली दरीच होती. दोन्ही वैमानिकांसह २१ जण मृत्युमुखी पडले. सहवैमानिकाने ‘गो-अराउंड’ असे म्हटले होते. मुख्य वैमानिक अतिशय अनुभवी होते. चौकशी अहवालाने नियमभंगाच्या जोडीला स्पष्ट लिहिले आहे, की दोघांमधील अधिकाराच्या मोठ्या उतरंडीमुळे आणि ठामपणाच्या अभावामुळे सहवैमानिकाने सूत्रे आपल्या हाती घेतली नाहीत. त्यापूर्वी दहा वर्षे, २२ मे २०१० रोजी मंगळूर येथे १५८ जणांचा बळी घेणाऱ्या अपघातातही सहवैमानिकाने पुन्हा वर जाण्यास सुचविले होते, आणि ते ऐकले गेले ते फार उशिरा, विमान जमिनीला टेकल्यावर. हूस्टनच्या अहवालातला ठामपणाच्या अभावाचा ठपका कोळिकोडच्या अहवालातही यावा, हा योगायोग आम्हाला वाटत नाही.

कोणी म्हणेल, की वैमानिकाने ज्येष्ठांचे न ऐकणे, मनोऱ्याला नकार देणे यातून बेशिस्त माजेल. ही भीती पोकळ आहे. सूचना पाळणे ही शिस्त आहे, आणि न पाळता येणारी सूचना वेळीच, स्पष्ट शब्दांत नाकारणे ही त्याहून कठीण शिस्त आहे. पाळतो म्हणून सांगायचे आणि पाळता येत नाही म्हणून आत घुसमटायचे, ही बेशिस्तच, फक्त ती गोड बोलते. आणि यात सारा भार वैमानिकावर टाकणेही आम्हाला मान्य नाही. नकार देणाऱ्याइतकीच जबाबदारी नकार ऐकणाऱ्याची असते. समोरचा माणूस ‘हो’ म्हणतो आहे, पण त्याच्या विमानाच्या हालचाली ‘नाही’ म्हणत आहेत, हे ओळखणे हे मनोऱ्यातल्या माणसाचे कसब आहे. दोनदा प्रयत्न सोडणारे छोटे विमान म्हणजे गांगरलेला माणूस, असे धरून चालावे. त्याला मोकळे आकाश द्यावे आणि त्याच्याशी थोडक्यात बोलावे.

मुंबईच्या विमानतळाची स्थिती याहून बिकट आहे. येथील दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. त्या एका पट्टीवर नोव्हेंबर २०२३ मध्ये एका दिवसात हजाराहून अधिक विमानांची ये-जा झाल्याची नोंद आहे, आणि त्या गर्दीतच उद्योगपतींची व पुढाऱ्यांची छोटी विमाने येतात-जातात. नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले आहे. त्याने हा ताण कमी व्हावा अशी अपेक्षा आहे. परंतु मनोऱ्यांतील माणसांचे काय? देशात हवाई वाहतूक नियंत्रकांची संख्या अपुरी असून त्यांच्यावर कामाचा ताण असल्याकडे संसदीय समितीने २०२५ साली लक्ष वेधले आहे. थकलेला नियंत्रक थोडक्यात आणि सोपे बोलेल, ही अपेक्षा करणे म्हणजे चाळीस वह्या तपासून झाल्यावर एकेचाळिसावी वही पहिलीइतक्याच मायेने तपासली जाईल, असे मानणे आहे. अनुभवाने सांगतो, तसे होत नाही.

विमाने वाढत आहेत, वैमानिक हवे आहेत, म्हणून गोंदिया, धुळे यांसारख्या ठिकाणी तरुण मुले-मुली उड्डाण शिकत आहेत. मध्यमवर्गीय आई-वडील कर्ज काढून मुलांना या शिक्षणासाठी पाठवितात, परदेशीही पाठवितात. त्या शिक्षणाचा हिशेब तासांत होतो, आणि प्रत्येक तासाला मोठी रक्कम पडते. उतरण्याचा प्रयत्न सोडून आणखी एक फेरी मारली, की खर्च वाढतो. म्हणून जो विद्यार्थी पहिल्या प्रयत्नात उतरतो, त्याची पाठ थोपटली जाते. आम्हाला वाटते, की पाठ दुसऱ्याचीही थोपटावी. पुन्हा वर जाण्याचा सराव हा परीक्षेपुरता दोन-चार वेळा उरकण्याचा विषय नव्हे. उंचीवर, जमिनीवर, आभासी यंत्रात, प्रशिक्षकाने मुद्दाम चुकीची सूचना देऊन तो करून घेतला पाहिजे, आणि त्या चुकीच्या सूचनेला विद्यार्थी ‘अनेबल’ म्हणतो की नाही, याचे गुण दिले पाहिजेत. नियंत्रकांच्या प्रशिक्षणात हूस्टनचे ते संभाषण वाचून घ्यावे. त्यातली कोणती सूचना गाळता आली असती, हे त्यांच्याकडूनच लिहवून घ्यावे.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे आमचे मागणे आहे. उतरण्याचा प्रयत्न सोडण्याच्या प्रत्येक घटनेची नोंद व्हावी, पण ती वैमानिकाला जाब विचारण्यासाठी नव्हे. अपघाताच्या चौकशीचा हेतू दोष ठरविणे नसून पुढचा अपघात टाळणे हा आहे, असे आंतरराष्ट्रीय नियम सांगतो, आणि भारताने तो स्वीकारलेला आहे. अपघात होण्यापूर्वीच्या चौकशीला हाच न्याय का लागू नये? विमान कंपन्यांत निदान मोठे संघटन असते, नियमावली असते, वैमानिकाच्या पाठीशी उभे राहणारे कोणी असते. भाड्याने जाणाऱ्या छोट्या विमानांचा वैमानिक मात्र एकटा पडतो. मागे बसलेल्या साहेबांना पोहोचण्याची घाई असते, खाली हार घेऊन कार्यकर्ते उभे असतात, धावपट्टी आखूड असते, आणि पुष्कळदा मनोराच नसतो. त्या वैमानिकाला ‘आज उतरत नाही, दुसरीकडे नेतो’ असे म्हणता यावे, म्हणून विमान भाड्याने देण्याच्या करारातच एक अट छापलेली असावी: विमान परत फिरल्यामुळे ज्यांची सभा हुकेल, त्यांनी वैमानिकाला किंवा त्याच्या मालकाला त्याचे कारण विचारू नये, आणि भाड्यातला एक पैसाही कापू नये.